मागची बाजू

प्रिय दोस्ता,

पाकीट मिळालं. लाकडावर कोरून छापलेल्या तुझ्या चित्राच्या तिन्ही प्रती खिडकीपाशी धरून बघितल्या, मग उलटून मागून बघितल्या. मागची बाजूच जास्त वेळ बघत बसले. डावीकडे कागद घासून घासून तुकतुकीत झालाय आणि उजव्या कोपऱ्यात बारेन, म्हणजे कागद मागून घासायची चकती, पोचलेलंच नाही. नेमके तिथेच पुढून आकाशाला पांढरे ठिपके पडलेत. कोरलंयस मात्र झकास. छपराच्या कडा इतक्या स्वच्छ निघायला मला दोन वर्षं लागली होती.

तू विचारतोयस, देवाणघेवाणीतून नाव मागे घेऊ का? पंधरा जणांचा गट, प्रत्येकाने पंधरा प्रती छापायच्या, सगळ्यांना एकेक पोचवायची. बाकीचे मुरलेले, आपलं काम बघून हसतील. अरे, रंगीत काष्ठछापाची सगळी मिजास अशाच देवाणघेवाणीतून आलीय! एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, वर्षातले काही महिने तीस दिवसांचे असायचे, काही एकोणतीस, आणि कुठला मोठा नि कुठला लहान हे दरवर्षी बदलायचं. पंचांग छापायचा हक्क मोजक्यांनाच होता. मग १७६५ साली तिथल्या हौशी मंडळींनी महिन्यांचे आकडे चित्रांत लपवून ती चित्रं एकमेकांना वाटायचा सपाटा लावला. सुझुकी हारुनोबूचं त्यातलं एक चित्र माझं फार लाडकं आहे. अवचित सर आलीय, वाळत घातलेला कपडा काढायला बाई धावतेय, पायातली एक खडाव निसटलीय. मोठ्या महिन्यांचे आकडे त्या कपड्याच्या नक्षीत आहेत. कुणाचं चित्र सरस यावरून चढाओढ लागली, खर्चाची फिकीर नव्हती, आणि त्या हट्टापायी एकाच कागदावर अनेक ठोकळ्यांचे रंग बिनचूक बसवायची रीत रुळली. या चित्रांना नाव पडलं निशिकि-ए, म्हणजे किनखापी चित्रं. तेव्हा हौशी म्हणून लाजू नकोस.

फक्त त्या हौशींना एक सोय होती. चित्र काढणारा वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. यामामोतो कानाएने १९०४ साली आपलं मच्छीमाराचं चित्र स्वतःच काढलं, कोरलं आणि छापलं, तर ती नवलाची गोष्ट ठरली. तू त्याच्या वाटेने निघालायस. पण कोरायला दिलेस तीन महिने आणि छापायला एक दुपार. हे तुझ्या पत्रात नाही, कागदावर दिसतंय.

आता पाण्याकडे ये. कागद आदल्या रात्री ओलवायचा. एक सोडून एक ताव ओल्या ब्रशने पुसायचा, कोरडे-ओले एकावर एक रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे, वर फळी ठेवायची. सकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी मुरते. एक ताव गालाला लावून बघ: गार लागला पाहिजे, ओला लागता कामा नये. सरस-तुरटीचा हात दिलेला कागद घे, नाहीतर रंग फुटतो. आणि ओलवलेलं पुडकं विसरू नकोस. मी एकदा वीस ताव ओलवून तापाने पडले. पाचव्या दिवशी उघडलं तर प्रत्येक तावावर राखाडी बुरशी. तेव्हापासून छापणं लांबलं की पुडकं फ्रीझरमध्ये जातं. घरचे कुरकुरतात.

आकाशातल्या त्या ठिपक्यांना जपानी छपाईवाले 'गोमा', म्हणजे तीळ म्हणतात. कागद कोरडा, खळ कमी किंवा हात हलका पडला की तीळ उठतात. मुद्दाम उठवणारेही आहेत, पण ते तुझं पुढचं. सध्या ठोकळ्यावर रंगाबरोबर तांदळाच्या खळीचा वाटाण्याएवढा गोळा टाक, ब्रशने एकजीव कर आणि बारेन कोपऱ्यापर्यंत ने. खळ जास्त झाली तर रेषांच्या कडेला रंग साचतो. तीन-चार प्रतींत अंदाज येईल.

तिसऱ्या प्रतीत आकाश छपरावर चढलंय. तू लिहितोस, केंतोची खाच, म्हणजे कागद जागेवर बसवायची ठोकळ्यावरची खूण, चुकली, पुन्हा कोरतो. थांब. पहिल्या दोन प्रतींत तीच खाच बरोबर कशी होती? छापता छापता कागद वाळला असणार. वाळला की आकसतो, आणि आकसलेला कागद खाचेत नीट बसला तरी रंग सरकतोच. थप्पी ओल्या फडक्याखाली झाकून ठेव, एका वेळी एकच ताव काढ. कागद ठेवताना आधी उजवा कोपरा कोनाच्या खाचेत टेकव, मग त्याच कडेची डावी बाजू सरळ खाचेला. घाईत उलटं होतं.

पंधरा हव्यात तर वीस ताव ओलव. पाच वाया जातील. त्या वायफळ प्रतींवर आकडा घालून कुणाच्या गळ्यात मारू नकोस. क्रमांक घातलास म्हणजे ती बाकीच्यांसारखीच आहे असं तू सांगतोयस. गटातल्या जुन्या माणसांना हे लगेच कळतं.

दोन प्रती परत पाठवतेय, मागे पेन्सिलीने खुणा केल्यात. तिसरी, छपरावर आकाश चढलेली, मी ठेवून घेतलीय. बदल्यात माझी एक जुनी प्रत पाकिटात आहे. आधी मागून बघ.

तुझी,
ताई