स्प्लेंडरचं इंजिन काम: मोठं किट नको, हेडवर खर्च करा

तुमची गाडी २००९ ची स्प्लेंडर. रोज कळवा ते महापे, अधूनमधून गायमुखचा घाट. पिकअप गेलाय, निळसर धूर येतो, तेल कमी होतं. मेकॅनिक म्हणतो हाफ इंजिन (क्रँक न काढता फक्त वरचं काम) करू, मित्र म्हणतो मोठं बोअर किट (जास्त सीसीचा सिलिंडर-पिस्टन संच) टाक. माझं मत स्पष्ट आहे: इंजिन उघडा, मोठं किट टाकू नका. नव्या गाडीची ओढ परत आली तर रोजच्या वापराला ती पुरते. त्याहून थोडं जास्त हवं असेल तर ते व्हॉल्व्ह, जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) यांतून मिळतं.

उघडण्याआधी गळती कुठे आहे ते बघा. ॲक्सिलरेटर पिळताना सतत धूर येत असेल तर दोष रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) आणि बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या पोकळीचा). घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो आणि खाली आल्यावर पुन्हा पिळताच धुराचा एक लोट येतो, तो व्हॉल्व्ह सील किंवा गाइडचा (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी). कॉम्प्रेशन गेजने मोजताना ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून काटा थांबेपर्यंत किक मारा. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजण्याची पद्धत उभ्या सिलिंडरला चांगली. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा आहे, तेल खालच्या बाजूला साठतं आणि आकडा फसवतो. त्यापेक्षा कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला (पिस्टन हेडच्या सगळ्यात जवळ येतो ती जागा) पिस्टन आणा, गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरा आणि प्लगच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्प्रेसरची हवा सोडा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यावरून खर्च कुठे करायचा ते कळतं.

हाफ की फुल (क्रँकसकट सगळं) हे हेड (व्हॉल्व्ह असलेलं सिलिंडरचं झाकण) आणि सिलिंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड हातात धरून ठरवा. रॉड डावी-उजवीकडे थोडा सरकणं ठीक आहे. पण सरळ वर-खाली ओढल्यावर बिग एंडला (रॉडचं क्रँककडचं टोक) जरासाही प्ले लागला तर क्रँक काढावाच लागतो. तसाच ठेवून वर नवं पिस्टन बसवलं तर वाढलेल्या कॉम्प्रेशनने बेअरिंग लवकर बोलायला लागतं आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. नवा रॉड बसवल्यावर क्रँक सेंटरवर फिरवून डायलने तपासून घ्या. नुसता प्रेस करून दिलेला क्रँक घेऊ नका.

आता बोअर. मूळ माप ५० × ४९.५ मिमी, म्हणजे ९७.२ सीसी. ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन टाकलं तर ९९.१ सीसी होतात, १.०० टाकलं तर १०१.१. म्हणजे ओव्हरसाइझ ही झीज काढण्याची सोय आहे, त्यातून ताकद येत नाही. त्याहून मोठ्या किटमध्ये स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं लोखंडी अस्तर) पातळ होते, माजिवड्याच्या सिग्नलला उभ्या राहिलेल्या एअरकूल्ड इंजिनाची उष्णता बाहेर पडत नाही, आणि जड पिस्टनने क्रँकचा बॅलन्स बिघडून थरथर वाढते. शिवाय सीसी बदलली की आरसीशी जुळत नाही आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांविषयीचं) आड येतं.

बोअरिंगला वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या अशा शॉपमध्ये जा जिथे डायल बोअर गेज आहे आणि मोजमाप तुमच्यासमोर होतं. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, अशी सहा मापं लिहून घ्या. पिस्टन आधी विकत घ्या आणि सोबत न्या. बोअर त्या पिस्टनच्या स्कर्टच्या (खालच्या भागाच्या) मापावर करायचा असतो, डब्यावरच्या आकड्यावर नाही. एवढ्या पिस्टनला तीन-चार शतांश मिमी क्लिअरन्स चांगला. फार घट्ट ठेवला तर पहिल्याच उन्हात सीझ होतो, सैल ठेवला तर थंड इंजिन खडखडतं आणि तेल पितं. शेवटी होनिंगच्या (बोअर दगडाने घासण्याच्या) तिरक्या रेषा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, कारण तेल त्यांतच टिकतं.

बोअर करून आणलेला सिलिंडर फक्त पेट्रोलने पुसून बसवू नका. होनिंगची भुकटी रेषांमध्ये अडकलेली असते, ती गरम पाणी, साबण आणि ब्रशनेच निघते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच राहीपर्यंत धुवा आणि लगेच तेल लावा. आपल्याकडच्या दमट हवेत कोरडा बोअर बघता बघता गंजतो. नवी रिंग काही हजार किलोमीटरमध्येच गेली तर कारण बहुतेक वेळा हीच भुकटी असते.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये टाका, पिस्टनच्या डोक्याने दोन सेंटिमीटर आत ढकला आणि तोंडातली फट फीलर गेजने बघा. ०.१५ ते ०.२५ मिमी ठीक. शून्याजवळ असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग बोअरला ओरबाडते. खुणेची बाजू वर, तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर. पिस्टनवरचं 'आयएन' इनटेककडे. सर्क्लिप नव्याच घ्या, आणि बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा.

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा हेडवर जायला हवा, आणि नेमका तिथेच लोक हात आखडतात. लॅपिंग पेस्टने व्हॉल्व्ह घासून देणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. गाइड सैल असेल तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसतो, मग कितीही घासा. आधी गाइड, मग ४५ अंशांची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) कटरने साधारण १ मिमी रुंद, मग बारीक पेस्टने हलकं लॅपिंग. सील नवेच. तपासायला व्हॉल्व्ह-स्प्रिंग लावून पोर्टमध्ये रॉकेल ओता. पाच मिनिटांत चेंबरच्या बाजूला ओल दिसली तर परत काम करायला द्या.

पोर्टला (हेडमधल्या हवेच्या वाटेला) ग्राइंडर लावून मोठं करू नका. कमी आरपीएमला हवेचा वेग पडला की ट्रॅफिकमधली ओढ जाते. कास्टिंगचे बारीक उंचवटे काढा आणि इन्सुलेटर (कार्ब्युरेटर आणि हेडमधला तुकडा), गॅसकेट व पोर्टची कडा एका रेषेत आणा, बस. हेडचा तळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून फक्त सपाट करून घ्या. कॉम्प्रेशनसाठी जास्त घासला तर कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि व्हॉल्व्ह टायमिंग मागे पडतं.

जोडताना मॅग्नेटवरची 'टी' खूण आणि कॅम स्प्रॉकेटची खूण जुळवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, मग पुन्हा बघा. हेडच्या नटांखालचे वॉशर कुठे कोणता होता त्याचा फोटो हेड उघडतानाच घ्या. क्लच कव्हर उघडलंच आहे तर सेंट्रिफ्यूगल फिल्टर (फिरून तेलातला गाळ वेगळा करणारा) आणि जाळी साफ करा. जुन्या गाडीत तिथे काळा चिकट थर भरलेला असतो.

कार्ब्युरेटरचा मुद्दा आता जास्त महत्त्वाचा झालाय, कारण पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. त्यामुळे जुन्याच जेटवर मिक्श्चर लीन (हवा जास्त, इंधन कमी) होतं: थंडीत चोक जास्त लागतो, चढावर गाडी अडखळते, हेड तापतं. मेन जेट एक पायरी वर घ्या. समजा ७८ वरून ८० केलं, तर क्षेत्रफळ पाच टक्के वाढतं. तारेने जेट मोठा करू नका. इन्सुलेटरची ओ-रिंग, फ्लोट बाउलचं गॅसकेट आणि पेट्रोल पाइप या निमित्ताने बदलून टाका, जुनं रबर इथेनॉलने फुगतं. फ्री-फ्लो सायलेन्सर नको. आवाज वाढतो, खालची ओढ कमी होते आणि पोलीस थांबवतात.

चढावर ठोस फरक हवा असेल तर पुढची १४ दातांची स्प्रॉकेट काढून १३ ची लावा. मागच्या चाकाला सुमारे ७.७ टक्के जास्त ओढ मिळते, त्याच आरपीएमला वेग मात्र सात टक्क्यांनी कमी होतो. चेन सैल होईल, चाक तीनेक मिमी मागे घेतलं की झालं. तुमचा बहुतेक वेळ ठाणे-बेलापूर रोडवर ६० च्या वेगात जात असेल तर मात्र १४ च ठेवा.

रनिंग-इनला घोडबंदरच्या कोंडीत नेऊ नका. पहाटे मोकळ्या रस्त्यावर न्या, अर्ध्या ॲक्सिलरेटरपर्यंत खेचा, मग सोडा, पुन्हा खेचा. रिंगा बसायला मध्यम लोड लागतो. एकाच वेगात रेंगाळत चालवली तर बोअरला काच चढल्यासारखी चकाकी येते आणि धूर राहतोच. पहिलं तेल ३०० किलोमीटरला काढा, त्यात धातूची बारीक चमक दिसणं स्वाभाविक आहे. तेल १०डब्ल्यू-३०, जासो एमए (मोटरसायकलच्या तेलाचं मानक) लिहिलेलंच, कारण कारच्या तेलाने क्लच घसरू शकतो. त्याच दिवशी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, मॅन्युअलमधल्या मापाने टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकावरची फट) पुन्हा लावा. नव्या सीटवर व्हॉल्व्ह थोडा आत बसतो आणि फट कमी होते. तिकडे दुर्लक्ष झालं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.