वाचकांचे प्रश्न : बाडेन-बाडेनचे जुने स्थानक

प्रश्न : जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे एका संगीतगृहाचे प्रवेशद्वार जुन्या रेल्वे स्थानकासारखे का दिसते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ते नुसते तसे दिसते असे नाही, ते खरोखरच एके काळचे स्थानक आहे. ऱ्हाइन नदीच्या सपाट खोऱ्यातून जाणारा मुख्य लोहमार्ग डोंगरालगतच्या या गावापर्यंत येत नसल्यामुळे, उष्ण झऱ्यांच्या स्नानासाठी आणि जुगारगृहासाठी येणाऱ्या धनिकांच्या सोयीकरिता 1845 मध्ये मुख्य मार्गावरील ओस या ठिकाणाहून गावापर्यंत एक छोटी शाखा काढण्यात आली. तिच्या अखेरच्या स्थानकाची सध्याची नवप्रबोधन शैलीतील (युरोपच्या प्रबोधनकाळातील वास्तूंच्या धर्तीची) इमारत 1890 च्या दशकातील असून, आलेल्या पाहुण्यांवर छाप पडावी हा तिच्या थाटामागचा हेतू लपत नाही. 1977 मध्ये शाखेवरील प्रवासी वाहतूक बंद झाली. पुढे या इमारतीच्या मागे सुमारे 2,500 आसनांचे भव्य संगीतगृह उभारले गेले व 1998 मध्ये ते खुले झाले. वास्तू पाडण्याऐवजी तिलाच प्रवेशद्वार करण्याचा निर्णय आम्हांला विशेष शहाणपणाचा वाटतो. गाड्या आता ओसलाच थांबतात, आणि शहराबाहेर माहुलीजवळच्या स्थानकात उतरून शहर गाठणाऱ्या सातारकरांना ही व्यवस्था अपरिचित वाटू नये.