लढाईचा पट आणि त्यावरची जमीन : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांमध्ये या वेळी एकाच खेळाविषयीचे प्रश्न जास्त होते, म्हणून हे संपूर्ण सदर त्या खेळाला दिले आहे. टेबलावर मांडलेल्या छोट्या सैनिकांच्या लढाईचा हा खेळ आहे. दोन्ही खेळाडूंकडे इंच-सव्वा इंच उंचीच्या सैनिकांची एकेक तुकडी असते. सैनिक किती सरकेल हे मोजपट्टी ठरवते आणि वार लागला की चुकला हे फासा ठरवतो. बुद्धिबळासारखी आखलेली घरे येथे नसतात. टेकडी, ओढा, वाडी, तटबंदी हे सारे खेळाडू स्वतः तयार करतात आणि प्रत्येक डावाला वेगळ्या जागी मांडतात.

प्रश्न : आमच्या गल्लीतील मुले दर दिवाळीला दगडविटा रचून, वर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकून मोठा किल्ला करतात. आता पुतण्याने असाच किल्ला कायमचा करून त्यावर छोट्या सैनिकांची लढाई खेळण्याचा हट्ट धरला आहे. दिवाळीचा किल्ला या खेळाला चालेल का? (एक वाचक, अनगोळ, बेळगाव)

उत्तर : किल्ला करणारे हात चालतील, किल्ला मात्र नव्याने बांधावा लागेल. दिवाळीचा किल्ला हा पाहण्यासाठी असतो. तो बहुधा कुंपणाच्या भिंतीला टेकलेला असतो, समोरून भव्य दिसावा म्हणून त्याचे कडे उभे ठेवलेले असतात, आणि मावळे ओल्या मातीत रोवलेले असल्यामुळे ते कोठेही उभे राहू शकतात. खेळातला सैनिक एका गोल चकतीवर चिकटवलेला असतो आणि प्रत्येक पाळीला उचलून पुढे ठेवावा लागतो. त्या चकतीचा व्यास साधारणपणे २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच असतो. गोणपाटाच्या उतारावर असा सैनिक ठेवून पाहावा. तो घसरतो, शेजारच्या दोघांना पाडतो आणि कोण कोठे होता यावरून वाद सुरू होतो. म्हणून टेकडी पायऱ्यापायऱ्यांची करावी : प्रत्येक थर एक इंच जाड आणि प्रत्येक पायरी किमान दीड इंच रुंद. तटावरची फांजी, म्हणजे चालण्याची वाटही तेवढीच रुंद हवी आणि चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दातेरी कठडे, सैनिकाच्या छातीपर्यंतच याव्यात, नाहीतर तटामागचा बंदूकधारी बाहेर पाहूच शकत नाही. दोन इमारतींमध्ये मोठ्या माणसाचा हात जाईल एवढी जागा सोडावी.

मापांपेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि या सदरातील जवळजवळ सर्व उत्तरे तिच्याकडेच येतात. खेळण्याची जमीन खेळाडूला निर्णय घ्यायला लावणारी असली पाहिजे. एकच दरवाजा असलेला अभेद्य किल्ला दिसायला सुंदर असतो, परंतु त्यावर खेळताना दोन्ही बाजूंचे सैनिक दरवाजात दाटी करतात आणि उरलेला डाव केवळ फासे टाकण्यात जातो. त्याच किल्ल्याला मागच्या बाजूने एक चोरदिंडी दिली, एका ठिकाणी तट ढासळलेला दाखवला आणि त्या खिंडाराकडे जाणारी वाट लांबची पण झाडीने झाकलेली ठेवली, की हल्ला करणाऱ्याला विचार करावा लागतो, आणि बचाव करणाऱ्याला आपली थोडी माणसे कोठे वाटायची हे ठरवावे लागते.

दुसरी सूचना अशी की किल्ला अखंड करू नये. तटाचे सहा-सहा इंचांचे तुकडे, सुटे बुरूज, सुटा दरवाजा आणि सुट्या टेकड्या असे भाग केले, तर तेच तुकडे एके दिवशी टेकडीच्या माथ्यावर येळ्ळूरच्या राजहंसगडासारखे रचता येतात आणि दुसऱ्या दिवशी सपाटीवर बेळगावच्या भुईकोटासारखे. भुईकोटाचा खंदक टेबलात खोदता येत नाही. त्यासाठी पातळ प्लायवूडच्या पट्ट्यांवर पाणी रंगवून दोन्ही काठांना अर्ध्या इंचाचा बांध घालावा, म्हणजे खोलीचा भास होतो आणि खंदक कोठे सुरू होतो यावर वाद राहत नाही.

प्रश्न : जांबोटी परिसरात चार महिने सतत पाऊस असतो. पुठ्ठ्यावर केलेली जमीन वाकते, आणि थर्माकोलच्या टेकडीवर स्प्रेचा रंग मारला तेव्हा ती जागोजागी खचली. कोणते साहित्य वापरावे? (एक वाचक, तालुका खानापूर)

उत्तर : थर्माकोल खचण्याचे कारण स्प्रेच्या रंगातील द्रावक हे आहे. ते थर्माकोलला विरघळवते. रबरी सोल्यूशनसारखी गोंदेही तेच करतात. थर्माकोलला पांढरा फेविकॉल आणि पाण्यात मिसळणारे रंग एवढेच लावावेत. आधी फेविकॉल व चाळलेली माती यांचा लेप सगळीकडून, खालच्या बाजूसह, द्यावा. तो पूर्ण वाळला की त्यावर रंग बसतो आणि दाणेही सुटत नाहीत. तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना निघणारा धूर आरोग्याला वाईट असतो. ते काम अंगणात करावे आणि मुलांना दूर ठेवावे. घरांच्या छताखाली उष्णतारोधक म्हणून बसवतात तो कडक, बारीक पोताचा फोम मिळाला तर तो थर्माकोलपेक्षा पुष्कळ चांगला. त्यावर पेन्सिलीने दाबून दगडी चिऱ्यांच्या रेघा सुबक उमटतात. द्रावकाचा स्प्रे मात्र त्यालाही चालत नाही.

पुठ्ठा वाकण्याचे कारण केवळ पाऊस नव्हे. एका बाजूला ओला फेविकॉल लावला की तो वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. दोन्ही बाजूंना लेप द्यावा आणि वाळत असताना वर वजन ठेवावे. शक्य असेल तर तळाला पुठ्ठा वापरूच नये. उद्यमबागेतील फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने) करणाऱ्या कारागिरांकडे प्लायवूडचे उरलेले तुकडे निघतात; ओळखीने ते मिळाले तर उत्तम. एमडीएफ (लाकडाचा बारीक चुरा दाबून केलेली फळी) घेतल्यास त्याच्या कडांना आधी प्रायमर द्यावा, कारण ओल कडांमधून शिरते आणि फळी फुगते.

मातीच्या बाबतीत खानापूरकरांचे नशीब मोठे आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेची तांबडी माती उन्हात वाळवून, बारीक चाळणीने चाळून फेविकॉलवर भुरभुरली, की तिचा स्वतःचा रंगच पुरेसा होतो. सौंदत्तीकडची काळी माती जाड थरात वापरू नये. ती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. (कोरडे तळे किंवा उन्हाळ्यातले शेत दाखवायचे असेल, तर याच भेगा कामी येतात.) गवतासाठी सुताराकडचा भुसा पोस्टर रंगात भिजवून वाळवावा, झुडपांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कातरावी आणि गवती छपरासाठी नारळाचा काथ्या घ्यावा. घरे व बुरूज मातीचेच हवे असतील, तर खानापूरला कुंभारकामाची मोठी परंपरा आहे. भाजलेला बुरूज पावसाला दाद देत नाही. माती वाळताना आणि भाजताना आकसते, हे लक्षात ठेवून मूळ आकार थोडा मोठा करावा.

प्रश्न : आमच्या डावात ‘माझा सैनिक तुझ्या सैनिकाला दिसतो की नाही’ यावरून सतत भांडण होते. यावर नियम काय? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : वेगवेगळ्या खेळांचे नियम वेगळे आहेत, परंतु सर्वांत सोपी रीत अशी : नेम धरणाऱ्या सैनिकाच्या डोक्याच्या उंचीवर वाकून पाहावे किंवा त्याच्यापासून लक्ष्यापर्यंत दोरा ताणावा. दोरा भिंतीला किंवा टेकडीला अडला तर लक्ष्य दिसत नाही. लक्ष्याचा काही भाग झाकलेला असेल तर त्याला आडोसा मिळाला असे धरतात. उघड्यावरच्या सैनिकाला टिपण्यासाठी फाशावर चार किंवा त्याहून अधिक लागत असतील, तर आडोशाला असलेल्यासाठी पाच किंवा अधिक ठेवावेत. म्हणजे सहापैकी तीन संधींच्या जागी दोनच उरतात. हा फरक लहान वाटतो. पण आठ पाळ्यांच्या डावात तो फार मोठा ठरतो.

झाडीचा प्रश्न वेगळा आहे, कारण खरी झाडी दाट असते आणि आपण मात्र पाच-सहा झाडेच उभी करतो. यासाठी झाडीचा तळ म्हणून हिरव्या कापडाचा किंवा पातळ फळीचा एक आकार कापावा आणि झाडे त्यावर सुटी ठेवावीत. सैनिक आत शिरताना झाडे बाजूला सरकवता येतात. झाडी कोठपर्यंत आहे हे तळाच्या कडेवरून ठरते. झाडीच्या आत दोन इंचांपर्यंत दिसते, आरपार दिसत नाही, असा नियम ठेवावा.

भांडण टाळण्याचा खरा उपाय डावापूर्वीचा आहे. दोघांनी टेबलाभोवती फिरून प्रत्येक वस्तूला हात लावून मोठ्याने सांगावे : हा ओढा, यात चाल निम्मी होते, ही भिंत, हिच्यामागे आडोसा मिळतो, हा कडा, यावर चढता येत नाही. टेबलाचा साधारण पाव भाग तरी अशा वस्तूंनी भरलेला असावा आणि मध्यभागी नजर अडवणारी एखादी उंच वस्तू असलीच पाहिजे. मैदान मोकळे राहिले तर लांब पल्ल्याची शस्त्रे ज्याच्याकडे आहेत तो दोन-तीन पाळ्यांत जिंकतो, आणि दुसऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही.

जमीन कोणी मांडायची याचे फार सुंदर उत्तर इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या त्यांच्या पुस्तकात दिले आहे : एकाने जमीन मांडावी आणि कोणत्या बाजूने लढायचे हे दुसऱ्याने निवडावे. भाकरी एकाने मोडायची आणि पहिला तुकडा दुसऱ्याने उचलायचा, असाच हा न्याय आहे, आणि शंभर वर्षांनंतरही मला याहून चांगला नियम आढळलेला नाही.

प्रश्न : तयार संच घ्यावा की घरी करावे? सैनिक कोणत्या मापाचे असावेत? (एक शिक्षिका, निपाणी)

उत्तर : तयार संचांमध्ये षटकोनी ठोकळे एकमेकांत अडकवून आणि एकावर एक रचून जमीन करण्याची पद्धत मुलांना चटकन समजते. २००४ साली आलेला हिरोस्केप हा खेळ त्याचे चांगले उदाहरण आहे. त्यात मोजपट्टी लागत नाही, चाल ठोकळे मोजून होते, वर चढताना जास्त चाल खर्च होते, पाण्यात पाऊल टाकले की चाल तेथेच संपते आणि उंचावरून लढणाऱ्याला एक फासा जास्त मिळतो. जमिनीचा परिणाम इतक्या थोड्या नियमांत शिकवणारा दुसरा खेळ शाळेसाठी सुचवणे मला कठीण जाईल. मात्र असे संच परदेशातून मागवावे लागतात आणि महाग पडतात. शाळेत जाड पुठ्ठ्याचे षटकोन कापून हेच नियम वापरता येतील.

सैनिकांचे माप कोणतेही घ्यावे, पण एकच घ्यावे. २८ मिलिमीटरचे सैनिक रंगवायला सोपे असतात. ७२ पट लहान केलेले प्लास्टिकचे सैनिक त्यांच्याहून थोडे ठेंगणे आणि स्वस्त असतात. मोठ्या फौजांसाठी १५ मिलिमीटरचे बरे. दिवाळीच्या बाजारातील मावळे वेगवेगळ्या उंचीचे असतात, त्यामुळे दरवाजे आणि तट यांचे माप जुळत नाही. ते वापरायचे असल्यास एकाच साच्यातील निवडावेत. शिसे वितळवून घरी सैनिक ओतण्याचा प्रयोग शाळेत किंवा घरात कोणीही करू नये. शिसे विषारी आहे.

प्रश्न : हा केवळ मुलांचा खेळ आहे का? आणि कित्तूरसारखी आपल्याकडची लढाई त्यावर खेळता येईल का? तेथे तर निकाल ठरलेलाच आहे. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : या खेळाचा पूर्वज सैन्याच्या शिक्षणासाठी जन्मला. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातील राईसविट्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली तेथील राजाला एक टेबल भेट दिले. त्यावर टेकड्या, नद्या, गावे कोरलेल्या सुट्या चौकोनी फरशा हव्या तशा मांडून वाटेल तो प्रदेश तयार करता येत असे. पुढे त्यांच्या मुलाने, जो स्वतः सैन्यात अधिकारी होता, फरशांऐवजी नकाशे घेतले, पंच नेमला, फाशांचे नियम बसवले आणि १८२४ साली ते प्रसिद्ध केले. प्रशियाच्या सैन्याने ते स्वीकारले. पट हवा तसा बदलता यावा ही कल्पना त्या पहिल्या टेबलातच होती, याचे मला विशेष वाटते.

त्याच १८२४ साली, २३ ऑक्टोबरला, राणी चन्नम्मांच्या फौजेने कित्तूरला ईस्ट इंडिया कंपनीच्या तुकडीचा पराभव केला आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला. डिसेंबरमध्ये कंपनीने मोठी फौज आणून किल्ला घेतला. ही दुसरी लढाई पटावर खेळताना दोन्ही बाजू समान करण्याचा मोह टाळावा; तसे केल्यास ती कित्तूरची लढाई राहत नाही. फौजा विषमच ठेवाव्यात आणि जिंकण्याची अट बदलावी. कंपनीकडे दुप्पट माणसे आणि तोफा द्याव्यात, पण आठ पाळ्यांच्या आत तट फोडून आतला वाडा घेतला नाही तर कित्तूरकर जिंकले असे ठरवावे. तटाच्या प्रत्येक तुकड्याला ठरावीक मारा सोसण्याची ताकद द्यावी आणि तो पडल्यावर त्या जागी ठेवण्यासाठी खिंडाराचा तुकडा आधीच करून ठेवावा. सुट्या तटाचा उपयोग येथे कळतो. बचाव करणाऱ्याने तटावर किती जणांना ठेवायचे आणि वाड्यापाशी किती राखून ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक डावात नव्याने सोडवावा लागतो, आणि त्यामुळे शेवट माहीत असूनही डाव आधी ठरत नाही. पहिली लढाईही मांडावी. तीत अट उलटी करून किल्ल्याबाहेर पडून शत्रूचा सेनाधिकारी टिपणे हे कित्तूरकरांचे लक्ष्य ठेवता येईल.

प्रश्न : घरात मोठे टेबल नाही. किती जागा लागते? (एक वाचक, वडगाव)

उत्तर : मोठ्या फौजांसाठी सहा फूट बाय चार फूट जागा धरतात, परंतु तीन फूट बाय तीन फूट जागेत चांगला डाव होतो आणि ती जमिनीवर सतरंजी टाकूनही मिळते. तळाची फळी एकेक फुटाच्या नऊ चौकोनांत करावी आणि ओढा किंवा रस्ता प्रत्येक चौकोनाच्या कडेला बरोबर मध्यावर आणून सोडावा, म्हणजे चौकोन कसेही फिरवले तरी वाट जुळते. सुरुवातीला दोन्हीकडे पाच-सहा सैनिकच घ्यावेत, कारण कमी माणसे असली की त्यांना कोठे उभे करायचे याचा विचार अधिक होतो.