हेलिकॉप्टरची 'फेज' कंत्राटदाराला द्यावी का?

लष्करी सुधारणा सुचवणाऱ्या शेकटकर समितीने लष्कराच्या बेस वर्कशॉपसाठी (मोठ्या दुरुस्त्यांच्या कारखान्यांसाठी) 'गोको' सुचवलं, म्हणजे जागा आणि यंत्रं सरकारची, चालवणार कंत्राटदार. मग हेलिकॉप्टरच्या ठरावीक उड्डाण-तासांनंतरच्या मोठ्या तपासण्या, म्हणजे 'फेज', याही तशाच का देऊ नयेत, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते द्याव्यात, पण सगळ्या नाही. निम्म्या तरी गणवेशातल्या लोकांकडेच राहायला हव्यात.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. अमेरिकन लष्कराच्या जुन्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचं (ए आणि एल मॉडेल) उदाहरण घेऊ. ३६० उड्डाण-तासांना एक फेज, ७२० ला त्याहून मोठी. मशीन धुवायचं, पॅनेलं उतरवायची, केबिनची जमीन उचलून खालच्या चौकटीत गंज आणि तडे शोधायचे. मेन रोटर हेड, टेल रोटर, गिअरबॉक्सेस, कंट्रोल रॉड्स सगळं तपासायचं. मग परत जोडणी, जमिनीवरच्या चाचण्या आणि शेवटी टेस्ट पायलटचं चाचणी उड्डाण.

सगळी हेलिकॉप्टरं एकदम फेजला येऊन चालत नाहीत. म्हणून युनिट उरलेल्या तासांचा तक्ता ठेवतं आणि त्यातली रेघ तिरकी राहील असं बघतं: एकाचे तास संपत आलेले, पुढच्याचे थोडे जास्त, शेवटचं नुकतंच फेजमधून बाहेर आलेलं. मोहीम लागली की ही रेघ आडवी होते, म्हणजे सगळ्यांचे तास एकदमच संपत येतात. कंत्राटदाराची आठवण होते ती अशा वेळी.

कंत्राटदार वेगाने काम करतो हे खरं आहे, त्यात जादू काही नाही. सैनिक टेक्निशियनला पीटी आहे, गार्ड ड्यूटी आहे, फायरिंग आहे, रजा आहे, आणि जरा हात बसला की बदली आहे. कंत्राटी माणूस सकाळी येतो तो थेट पाना हातात घेतो. बऱ्याचदा तो त्याच सैन्यातून निवृत्त झालेला, तेच मशीन आयुष्यभर उघडलेला असतो. म्हणजे कंपनी जे कौशल्य विकते ते घडवलं सैन्याने, सरकारी खर्चाने. फेज बाहेर गेल्या की नवी पोरं पॅनेलच्या आत बघणार कधी? रोजच्या सर्व्हिसिंगमध्ये तेल, फिल्टर, टायर एवढंच हाताखालून जातं.

याचा फटका पैशांतही बसतो. पुस्तकातलं काम ठरलेलं असतं, त्याची किंमत करारात लिहिता येते. पॅनेल उघडल्यावर जे सापडतं ते ठरलेलं नसतं, त्याचं बिल वेगळं येतं. हा तडा मर्यादेत आहे की फ्रेम बदलायलाच हवी, यासाठी खरंच इतके तास लागतात का, हे ठरवणारा माणूस सरकारचा हवा. त्याने स्वतः असं काम केलेलं नसेल तर तो फक्त सही करतो.

२०१७ चं अफगाणिस्तान बघा. तिथल्या अमेरिकन सैनिकांच्या संख्येवर ८,४४८ ची मर्यादा होती आणि कंत्राटदार त्या आकड्यात धरले जात नव्हते. म्हणून कॅन्सस राज्यातल्या फोर्ट रायली तळावरच्या एव्हिएशन ब्रिगेडची हेलिकॉप्टरं आणि पायलट गेले, मेकॅनिक कॅन्ससमध्येच बसले आणि त्यांच्या जागी कंत्राटी माणसं घेतली. तिथले कमांडर जनरल निकल्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे हे उघड सांगितलं. कंत्राटावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले, आणि लढाईतली देखभाल शिकायची संधी हुकली ती वेगळीच.

गणवेश घातला की चूक होत नाही असं मात्र समजू नका. ५ डिसेंबर २०१९ ला मिनेसोटा नॅशनल गार्डचं ब्लॅक हॉक देखभालीनंतरच्या चाचणी उड्डाणात पडलं, तिघे गेले. एका इंजिनचं इंधन नियंत्रित करणारं युनिट चुकीचं बसवलेलं होतं. दुसरीकडे ब्रिटनचं निमरॉड. ते हेलिकॉप्टर नव्हे, टेहळणी विमान, पण मुद्दा तोच. २००६ मध्ये ते कंदाहारजवळ आग लागून पडलं, १४ जण गेले. त्याची सेफ्टी केस, म्हणजे विमानातले धोके आणि त्यांवरचे उपाय मांडणारा दस्तऐवज, बीएई सिस्टिम्स या कंपनीने तयार केली होती. कित्येक धोके त्यात उघडेच सोडलेले होते, आणि संरक्षण खात्यातल्या कोणी ती नीट वाचलीच नाही. अपघाताची चौकशी करणाऱ्या हॅडन-केव्ह यांच्या २००९ च्या अहवालाने दोघांनाही झोडपलं. माझ्या भीतीचं खरं कारण हे आहे: नुसतं काम बाहेर गेलं तर निभावतं, त्याबरोबर विचार करणंही बाहेर गेलं की कठीण.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. चीता, चेतक, ध्रुव या हेलिकॉप्टरांचं ओव्हरहॉल एचएएल ही सरकारी कंपनी करते, म्हणजे ते आधीपासूनच गणवेशाबाहेर. एमआय-१७ चं हवाई दलाच्या चंदीगडच्या ३ बेस रिपेअर डेपोत होतं. कोणी तो डेपो गोको करायला निघालं तर मी विरोध करेन. त्याऐवजी युनिट पातळीवरच्या मोठ्या तपासण्या आलटून पालटून बाहेर द्या, कंत्राटदाराच्या टीममध्ये आपले दोन-तीन तरुण टेक्निशियन सक्तीने बसवा, आणि इन्स्पेक्टरची सही व चाचणी उड्डाण दोन्ही आपल्याच माणसांकडे ठेवा.

करार लिहिणारे एक कलम हमखास विसरतात. स्पेअर सरकारने पुरवायचे आणि उशीर झाला तर दंड कंत्राटदाराला, असं असलं की तो शेजारच्या हेलिकॉप्टरचा पार्ट काढून यात लावतो आणि तारीख पाळतो. एका पार्टसाठी दोनदा खोलजोड होते, शेजारचं मशीन लुळं पडतं ते निराळंच. म्हणून स्पेअरची वाट पाहण्याचे दिवस वेगळे मोजा, आणि असा पार्ट काढायची परवानगी युनिटच्या इंजिनिअरिंग ऑफिसरच्या लेखी सहीशिवाय देऊ नका.