फवारणीचं हेलिकॉप्टर, तेल आणि व्हिसा

मोहोळहून तू विचारलंस, 'दादा, हेलिकॉप्टरचं कमर्शियल लायसन्स आहे, न्यूझीलंडला फवारणीच्या कामाला येऊ का?' फी, फॉर्म, परीक्षा सगळं सरकारी साइटवर आहे, ते वाच. शेतीच्या कामाचं रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी, वेगळं काढावं लागतं. सुरुवातीला लोडर ट्रकवर औषध कालवावं लागेल, हेही धरून चाल.

तेलाचं, म्हणजे इंधनाचं, मात्र सांगतो. मशीन उचलणार तेवढंच उचलणार. तेल वाढलं की औषध कमी बसतं, म्हणून टाकी फुल करत नाहीत. थोडं थोडं भरायचं, बऱ्याचदा पंखा फिरत असतानाच. नोझल लावण्याआधी अर्थिंगची क्लिप लावायचीच, स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. रोज सकाळी टाकीच्या तळाचं तेल काचेच्या बरणीत काढून बघ. पाणी जड, खाली बसतं. आर-४४ या छोट्या पिस्टन इंजिनाच्या हेलिकॉप्टरला अ‍ॅवगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल लागतं, निळसर दिसतं. त्यात चुकून जेटचं तेल पडलं तर इंजिन उड्डाणातच दगा देतं. आर-४४ चा तेल संपत आल्याचा दिवा लागतो तेव्हा वापरण्याजोगं सुमारे ३ गॅलन उरलेलं असतं, क्रूझला, म्हणजे सरळ एका वेगानं उडताना, साधारण १० मिनिटांचं. पण फवारणी म्हणजे क्रूझ नव्हे. भरल्या वजनानं, दर ओळीच्या टोकाला वळत, पिकावर दोन-तीन मीटरवर चाललेला असतोस. इंजिन थांबलं तर ऑटोरोटेशनला, म्हणजे हवेनं फिरणाऱ्या पंख्यावर अलगद उतरायला, उंचीच नाही. दिव्याची वाट बघायची नाही. टाकीत डिपस्टिक, म्हणजे मापाची काठी, घालायची आणि घड्याळ लावायचं.

हे सगळ्यांना पाठ असतं. तरी वारा उठायच्या आत शेवटची पट्टी मारायची असते, शेतकरी गेटवर उभा असतो, आणि आपला व्हिसा त्याच मालकाला बांधलेला असतो. मग डोक्यात हिशोब तेलाचा राहत नाही. पहिल्या सीझनला मी एक खेप सोडून उतरलो. मालक काही बोलला नाही, आणि ते न बोलणं मला रात्रभर पुरलं. इथला पोरगा उतरतो आणि चहा पितो.

कागदांचं विचारूच नकोस. जिथं शिकलो तिथून लॉगबुकच्या तासांचं पत्र मागितलं, तर शिक्का गोल की चौकोनी यावर महिना घालवला. अजून डोकं फिरतं.

एकटेपणा? असतो, सवय होते. शेंगाचटणी आणलीस तर विमानतळावर डिक्लेअर कर.

२०२३ मध्ये सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळाला आड येणारी कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा वडिलांचा फोन आला, 'आता काय अडचण हाय? इथंच उडव की.' आपल्याकडे फवारणी ड्रोनवर चाललीय, हे त्यांना सांगवलं नाही. खरं तर आणखीही काही सांगवलं नाही.

इंटरव्ह्यूत पगाराआधी विचार, पैसे हेक्टरवर की तासावर? तेलासाठी खेप सोडली तर कापतात का? उत्तर देताना अडखळले तर मला फोन कर, दुसरीकडे बघू. संध्याकाळी नको, इथे मध्यरात्र उलटलेली असते.