फोरट्रानमध्ये द्विमितीय अॅरेचे इंडेक्स सी आणि पायथनच्या उलटे का? बरोबर भाषा कोणती?

दोन्ही बरोबर. मेमरी म्हणजे एकच लांब रांग. सी आणि नमपाय (पायथनची अॅरेची लायब्ररी) तिच्यात आधी अख्खी ओळ मांडतात, फोरट्रान, मॅटलॅब, आर आणि ज्युलिया आधी अख्खा स्तंभ. रांगेत पुढे सरकताना सीमध्ये शेवटचा इंडेक्स भराभर पळतो, फोरट्रानमध्ये पहिला.

पण "ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ, स्तंभांच्या ओळी) मारला की झालं" म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांच्यासाठी आपल्या पुण्याचंच उदाहरण.

हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाची रोजच्या पावसाची पाव अंशाची (दर पाव अंशाला एक आकडा) फाइल घ्या. अक्षांश १२९ (६.५ ते ३८.५ उत्तर), रेखांश १३५ (६६.५ ते १०० पूर्व), एकेक आकडा ४ बाइटचा. ३६५ दिवसांची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइट भरते. रेखांश भराभर बदलतो, म्हणून नमपायमध्ये आकार (३६५, १२९, १३५). कुणी कुठेतरी १३५ × १२९ लिहिलेलं वाचून (३६५, १३५, १२९) दिला, तर एरर येतच नाही. गुणाकार तोच ना! आता पुणं शोधा: १८.५ उत्तर, ७३.७५ पूर्व. शून्यापासून मोजलं तर अक्षांश ४८वा, रेखांश २९वा. चुकीच्या आकारात [२९][४८] म्हणजे २९ × १२९ + ४८ = ३७८९वा आकडा. खऱ्या मांडणीत तो १३.५ उत्तर, ६८.७५ पूर्वचा, म्हणजे भर अरबी समुद्रातला. ऐन जुलैत पुण्याचा पाऊस उणे ९९९! (आकडा नसल्याची खूण.) मारा आता ट्रान्सपोज. आकारच चुकलाय, तर चूक उभीची आडवी होईल, एवढंच. फोरट्रानचा क्रम हवाच असेल तर (१३५, १२९, ३६५) द्या आणि ऑर्डर 'एफ' करा.

शिवाय नमपायचा ट्रान्सपोज मेमरीतला एकही आकडा हलवत नाही, फक्त स्ट्राइडची (पुढच्या आकड्यासाठी किती बाइट उडी मारायची, त्याची) अदलाबदल करतो. तोच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) सीच्या फंक्शनला दिला, तर त्याला जुनीच मांडणी दिसते.

वेगाचंही तसंच. सीमध्ये ४०९६ × ४०९६ डबल (८ बाइटचे आकडे) स्तंभानुसार वाचलेत, तर दर पावलाला ३२,७६८ बाइटची उडी. ८ बाइटसाठी सहसा ६४ बाइटची कॅश लाइन (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी आणतो तो तुकडा) ओढून आणायची आणि बहुतेक वेळा उरलेले ५६ वापरायच्या आधीच बाहेर. लूपची अदलाबदल करा.

हे सगळं सलग अॅरेला लागू. जावात आणि पायथनच्या लिस्टमध्ये प्रत्येक ओळ वेगळी, मेमरीत कुठेही पडलेली. आणि पायथनमध्ये [[०]*३]*३ लिहू नका. ती एकच ओळ तीनदा असते, एकीत बदल केला की तिन्ही बदलतात. आणि हो, पावसाची ती फाइल लीप वर्षाची असेल तर ३६५ ऐवजी ३६६.