घरातल्या माणसांची सेवा देशाच्या उत्पन्नात का धरत नाहीत?

तुमची आई दिवसभर आजीचं करते, ते जीडीपीत, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या आकड्यात, का येत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीत घरच्यांसाठी फुकट केलेली सेवा धरतच नाहीत. तेच काम पगारी बाईने केलं की तिचा पगार मोजला जातो.

इथे इंदूरला रामबागेत आमच्या शेजारच्या काकू पहाटे उठून सासूबाईंचं डायपर बदलतात, कूस वळवून पाठीला पावडर लावतात, मग नातवाचा डबा. मुलगा-सून बिनघोर कामावर जातात ते त्यांच्या जिवावर. त्या दोन पगारांत काकूंचा वाटा आहेच.

2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. आणि असं काम करणारे पुरुष होते जेमतेम 26 टक्के! 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईसाठी गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न, म्हणजे तिच्या कामाची अंदाजे किंमत, धरणं योग्य ठरवलं. जिवंतपणी मात्र तिला ना पेन्शन, ना पीएफ, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

तुम्ही भावंडं कमावत असाल तर आईच्या नावाने पीपीएफ उघडून दरमहा पैसे टाका. रात्री आजीजवळ थांबायच्या पाळ्या मुलग्यांनीही वाटून घ्या.